गळ टाकण्याची सोपी पद्धत (सहा माणसांसाठी)

साहित्य : गळ अर्धा डझन, तंगूस (गळाचा नायलॉनी दोरा) एक गुंडी, शिशाच्या गोळ्या चार, करंदी पाव किलो, आई एक (तिथ्या पाठ असलेली), मेहुणा एक (उत्साही), मुलं दोन, बायको एक (तिची तयारी असल्यास), मीठ चवीनुसार. मासा साहित्यात धरू नये. तो कृतीत येतो. आला तर.

पाककृतीच्या कुठल्याही पुस्तकात माशांच्या प्रकरणाची सुरुवात ‘प्रथम मासे स्वच्छ धुऊन घ्यावेत’ अशी होते. ते मासे आले कुठून, याबद्दल लेखिका अवाक्षर काढत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी आणि एकदा सहकुटुंब गळ टाकून आल्यामुळे आलेल्या अधिकारवाणीने हे लिहितो आहे.

जागा. कोकण म्हटलं की माणसं पनवेलच्या पुढे गाडी दक्षिणेला वळवतात आणि पुढचा अर्धा दिवस समोरच्या ट्रकच्या मागचं वाङ्मय वाचत बसतात. नवशिक्याने उत्तरेकडे तोंड करावं. वसई, अर्नाळा, केळवे, माहीम (पालघरचं, दादरच्या शेजारचं नव्हे), सातपाटी, चिंचणी, डहाणू, बोर्डी हेही कोकणच आहे, आणि २०१३ पासून विरारहून डहाणूपर्यंत चक्क लोकल जाते. आम्ही बोरिवलीचे. विरारला गाडी बदलली, वैतरणेच्या पुलावरून दोन्ही बाजूंची खाडी पाहिली, सफाळ्यात भाजीच्या टोपल्या चढताना पाहिल्या आणि केळवे रोडला उतरून टमटममध्ये सहा माणसं, तीन पिशव्या आणि एक रॉड असे बसलो. रॉडचं एक टोक बाहेर होतं. वाटेत पानमळे, नारळ-सुपारी, मग शीतलादेवीचं देऊळ, मग सुरूचं बन आणि त्याच्यापलीकडे समुद्र.

समुद्र निळा नाही, हे मुलांना आधी सांगून ठेवावं. भरती-ओहोटीचा जोर इकडे मोठा आणि खाड्यांचा गाळ भरपूर, त्यामुळे पाणी कमी दुधाच्या चहासारखं दिसतं. मालवणचे फोटो पाहून आलेल्यांचा चेहरा पडतो. पण सकाळच्या ओहोटीला पाणी पार लांब गेलेलं असतं, ओल्या वाळूत सुरूची झाडं उलटी दिसतात, आणि लांबवर एखादी बाई पायाखाली बघत एकटीच चाललेली असते. तो देखावा निळ्या पाण्यात मिळत नाही.

दिवस ठरवणे. हा या पद्धतीचा सर्वांत अवघड भाग. इथे घाई केली तर पुढचं सगळं वाया.

खाडीत गळ टाकायची वेळ म्हणजे भरती चढत असतानाची. पाणी आत शिरायला लागलं की मासा त्याच्याबरोबर चरायला येतो, आणि भरती पुरी होण्याआधीचे दोन तास सर्वांत बरे. हे ठाऊक नसलेला माणूस ऐन ओहोटीला पोचतो, समोर नुसता चिखल बघतो आणि जागतिक तापमानवाढीवर बोलायला लागतो.

भरती केव्हा, हे सांगणारं ॲप मिळतं. ते माझ्याकडे होतं. आईकडे पाउणकी होती. तिच्या पिढीला शाळेत पावकी, निमकी, पाउणकी घोकून घेतलेली, आणि किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा, की तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ निघते. अष्टमी असेल तर आठ पाउणे सहा, म्हणजे सहा वाजता. द्वादशीला बारा पाउणे नऊ. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा पाउणे सव्वाअकरा. सकाळी एक भरती, रात्री दुसरी, पक्ष कुठलाही असो. चार्जिंग लागत नाही.

मी ॲप उघडलं. द्वादशीची भरती नऊ चाळीसच्या आसपास. आईचे नऊ. चाळीस मिनिटांचा फरक कुठून आला म्हणून मी कागद घेऊन बसलो, आणि मौज अशी की दोघंही बरोबर निघाले. चंद्राच्या मागे धावता धावता भरतीची वेळ तीस तिथ्यांत पूर्ण चोवीस तास पुढे सरकते. १४४० मिनिटं भागिले ३०, म्हणजे तिथीमागे ४८ मिनिटं. पाउणकी ४५च धरते, कारण ४८ने तोंडी गुणायला सांगितलं असतं तर कोळीवाड्यात कुणी दर्यावर गेलंच नसतं. ही तीन मिनिटांची तूट रोज साठत पौर्णिमेला पाऊण तासावर जाते, आणि प्रतिपदेला हिशेब पुन्हा कोरा होतो. द्वादशीपर्यंत साठतात छत्तीस मिनिटं. उरलेली तीन-चार मिनिटं गाव आणि वारा यांच्या नावावर टाकावीत. हा शोध मी मोठ्या उत्साहाने आईला सांगितला. ती म्हणाली, “मग अर्धा तास आधी जाऊन बसायला काय होतं?”

आता वेळ कळली. दिवस ठरायचा आहे. मराठी घरात समुद्राचं पंचांग वेगळं आणि स्वयंपाकघराचं वेगळं. सोमवार, गुरुवार, शनिवार गेले. नोकरीमुळे मंगळवार, बुधवार, शुक्रवार गेले. राहिला रविवार. त्यात प्रतिपदा ते तृतीया भरती भर दुपारी, म्हणजे डोकं तापणार. चतुर्थीला संकष्टीची भीती. पंचमी ते सप्तमीला भरती दुपारनंतरची, म्हणजे पाण्याला रंग चढेपर्यंत परतीच्या गाडीची घाई. अष्टमी-नवमीला भांग, पाणी जेमतेम हलतं, आणि जे हलतं ते पहाटे. दशमीला मुलं उठत नाहीत. एकादशीला वेळ अगदी बेतशीर, पण एकादशी. पौर्णिमेला उधाण, पाणी इतकं ओढतं की शिसं तळाशी टिकत नाही. राहता राहिली द्वादशी, फार तर त्रयोदशी.

रविवारची द्वादशी वर्षातून तीन-चार वेळा येते. त्यातली एखादी पावसात बुडते. जून-जुलैत तर यांत्रिक नौकांनासुद्धा बंदी असते, तिथे आपण कोण? एखादी श्रावणात जाते. उरतात दोन. त्यातल्या एकीला कुणाचं तरी लग्न असतं. आम्हाला माघातली मिळाली.

साधनं. मेहुण्याला मुलं मामा म्हणतात, म्हणून आपणही म्हणू. मामा गळ आणायला एका मोठ्या दुकानात गेले आणि मोठा मासा धरायचा म्हणून मोठा नंबर मागितला, १०. आणलेला गळ आईच्या नथीच्या आकड्याएवढा होता. नवशिक्याने लक्षात ठेवावं, गळांचे आकडे उलटे चालतात. दहापेक्षा सहा मोठा, सहापेक्षा एक मोठा. एकच्या पुढे मात्र गाडी पुन्हा सरळ होते आणि १/०, २/० असे वाढत्या आकाराचे गळ लागतात. खाडीला एक किंवा १/० पुष्कळ झाला. दुकानदाराने यातलं काहीच सांगितलं नाही, वर एक घडीचा रॉड, चकचकीत रीळ आणि बोटं उघडी ठेवणारे हातमोजे दिले. मामांना मामा बनवण्याचा हा पहिला प्रसंग.

खर्चाच्या मागे एक स्वप्न होतं, ते सांगायला हवं. २०२१च्या ऑगस्टअखेरीस इथल्याच, पालघरजवळच्या मुरबे गावच्या एका मच्छीमाराच्या जाळ्यात १५७ घोळी आल्या आणि लिलावात त्यांचे एक कोटी तेहेतीस लाख रुपये झाले. घोळीच्या पोटात हवेची पिशवी असते, तिला बोत म्हणतात. परदेशात ती औषधी मानतात आणि तिच्यासाठी वाट्टेल तो भाव देतात. ही बातमी मामांनी मोबाइलमध्ये जपून ठेवली आहे. ती बोट दर्यात आत गेली होती आणि तिच्याकडे जाळं होतं, आमच्याकडे नथीचा आकडा, हे सगळं बायकोने भावाला समजावून सांगितलं. “एकच मिळाली तरी,” मामा म्हणाले.

आमिष. गळाला करंदी लावावी. ताजी, सोललेली नको, डोकंसुद्धा राहू द्यावं. शेपटीकडून टोक आत घालून तिच्या अंगाच्या बाकावरूनच गळ फिरवावा, म्हणजे ती पाण्यात सरळ झोपते आणि मासा एका लुचक्यात ओढून नेत नाही. शनिवारी संध्याकाळी बाजारात एका मावशींकडून पाव किलोचा वाटा घेतला. त्या म्हणाल्या, “यात काय होणार सहा जणांचं?” मी म्हटलं, “गळाला लावायची आहे.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मामांच्या हातमोज्यांकडे पाहिलं, आणि वर मूठभर जास्त घातली.

आता आमिष साठवण्याबद्दल महत्त्वाची सूचना. ज्या घरी उतरला असाल तिथल्या फ्रिजमध्ये ते ठेवताना ठेवण्याचं कारण सांगावं. आम्ही यजमीण काकूंच्या हातात पिशवी दिली आणि “जरा फ्रिजमध्ये ठेवाल का?” एवढंच म्हटलं. रात्री पानात आमटी, भात, तांदळाची भाकरी आणि मधोमध आलं-लसूण लावून खरपूस तळलेली करंदी. शनिवार, त्यातून एकादशी. आई साबुदाण्याची खिचडी खात होती. तिने ताटाकडे बघितलं आणि काही न बोलता पाठ वळवून बसली. मला वाटतं, ती सोय म्हणून वळली. कारण करंदी फारच छान झाली होती. मासा आमिषाला बळी पडायच्या बारा तास आधी आम्ही पाच जण पडलो.

प्रत्यक्ष कृती. रविवारी सात वाजता आम्ही खाडीवर, जिथे होड्या लागतात तिथल्या धक्क्यावर. समोर खाडीच्या तोंडाशी केळव्याचा पाणकोट, पोर्तुगीजांचा. १७३९च्या वसई मोहिमेत हा सगळा पट्टा मराठ्यांकडे आला. “आतले सैनिक गळ टाकायचे का?” चिरंजीवांनी विचारलं. वेढ्यात अडकलेल्या माणसाने दुसरं काय करायचं, असं माझ्या मनात आलं.

धक्क्याच्या टोकाला एक काका उकिडवे बसले होते. साठीच्या पुढचे, डोक्याला मफलर. त्यांच्याकडे रॉड नव्हता, रीळ नव्हतं. पाण्याच्या रिकाम्या बाटलीवर तंगूस गुंडाळलेलं, टोकाला शिसं आणि दोन गळ. उजव्या हाताने शिसं दोन वेळा गरगर फिरवून सोडलं, डाव्या हातातल्या बाटलीचं तोंड पाण्याकडे धरलं, आणि तंगूस बाटलीवरून सरसर सुटत गेलं. लांब कुठे तरी ‘टुप्’. मग तंगुसाचा ताण घेतला, ते तर्जनीवरून घातलं आणि बिडी पेटवली. यंत्रणा एवढीच.

मामांनी रॉड उघडला. पहिल्या फेकीत रिळाची कडी उघडायची राहिली, त्यामुळे शिसं पुढे जाऊन तितक्याच वेगाने परत आलं. दुसरी फेक उत्तम झाली, फक्त मागच्या बाजूला. धक्क्यावर वाळत घातलेल्या जाळ्यात गळ रुतला. मासेमारीच्या इतिहासात गळाने जाळं पकडल्याचं हे उदाहरण विरळाच असेल. ते सोडवायला वीस मिनिटं गेली, आणि जाळ्याचा मालक शेजारी उभा राहून काही न बोलता बघत होता. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

आमिष आम्हीच खाल्लं असल्याने आता काकांकडे हात पसरायचा होता. मी घडलेली हकिगत सांगितली. काका इतके हसले की बिडी विझली. त्यांनी आपल्या डब्यातली करंदी दिली, वर तंगूस गुंडाळलेली एक जादा बाटली आईच्या हातात दिली. “बाय, तुम्ही धरा. रॉडवाल्याला लय काम हाय.”

आता हात काय सांगतो ते शिकावं. तंगूस तर्जनीवरून जाऊ द्यावं, हात सैल. पाण्याची ओढ सतत आणि सारखी असते, तिची सवय होते. त्यात लहान मासा टोचतो, सुई लागल्यासारखा, टक्-टक्. मोठा मासा बोट खाली खेचतो. आणि कधी कधी तंगूस हळूहळू जड होतं, कुणी ओली गोणी बांधल्यासारखं. लेकीला हेच लागलं. तिने श्वास रोखून, काकांनी सांगितलं तसं एकेक वाव ओढत आणलं. पाण्याच्या वर येता येता दिसली ती चिंबोरी. एका नांगीत करंदी धरलेली, दुसरी नांगी मोकळी, डोळे काड्यांवर उभे. तिने आम्हाला सगळ्यांना एकदा पाहिलं, करंदी सोडली आणि गेली. गळ तिला लागलेलाच नव्हता. ती फक्त हातातलं सोडत नव्हती. लेकीने पुन्हा गळ टाकला. पुन्हा तीच, किंवा तिची बहीण. असं चार वेळा झालं. चौथ्या वेळी लेक म्हणाली, “बाबा, आपण हिला जेवायला घालतोय.”

चिरंजीव केव्हाच चिखलात उतरले होते. तिथे निवट्या होत्या, मासा असून पाण्याबाहेर चिखलावर उड्या मारत फिरणाऱ्या. सात वर्षांच्या मुलाला आणि निवटीला एकत्र सोडलं की दोन तास कुणाचं काही अडत नाही. कपड्यांचा विचार नंतर. बायको एका पालथ्या होडीला टेकून, तोंडावर टोपी घेऊन झोपली. आमच्यात तिला एकटीलाच सुट्टी मिळाली.

पकडलेला मासा मोजणे. लेकीने कंपासमधली पट्टी मुद्दाम आणली होती. शाळेत सांगितलं होतं म्हणे, की २०२३ साली पापलेट राज्याचा मासा झाला आणि लहान मासे मारू नयेत म्हणून त्याच वर्षी सरकारने चोपन्न जातींची किमान लांबी ठरवून दिली. पापलेटची १३५ मिलिमीटर. पंधरा सेंटिमीटरच्या पट्टीत राज्याचा मासा बसतो, वर दीड सेंटिमीटर उरतो, यावर ती बराच वेळ विचार करत होती. काकांनी सांगितलं, की पापलेट काय गळाला लागत नाय, त्याला जाळंच लागतं. मामांचा चेहरा पुन्हा पडला. घोळीनंतर त्यांची भिस्त पापलेटवर होती.

साडेआठला मामांच्या रॉडला मासा लागला. खरंच लागला. रॉड वाकला, रीळ किरकिरलं, बायको जागी झाली, आणि पाण्यातून मिशा असलेला, चकचकीत करड्या पाठीचा मासा वर आला. शिंगाळा. मामांनी एका हातात मोबाइल घेतला आणि दुसऱ्या हाताने मासा धरायला गेले. “हात नका लावू!” काका ओरडले, पण तोवर फोटो निघाला होता. त्या फोटोत मामा हसत नाहीत.

प्रथमोपचार. हा भाग गंभीर आहे, कृपया हसू नये. शिंगाळ्याला तीन काटे असतात, एक पाठीवर, दोन बाजूंच्या परांशी, आणि त्यांवर विष असतं. जीव सहसा जात नाही, पण गेला तर बरं असं वाटतं. त्या विषाला उष्णता सोसत नाही. म्हणून जखम धुऊन बोट सोसेल इतक्या गरम पाण्यात बुडवून अर्धा-पाऊण तास, लागेल तर जास्त वेळ ठेवावं. पाणी किती गरम आहे हे दुसऱ्या हाताने बघावं. ठणकणाऱ्या बोटाला काही समजत नाही आणि वर भाजून निघतं. मग डॉक्टरकडे जावंच, कारण काट्याचं टोक आत राहू शकतं आणि धनुर्वाताचं इंजेक्शन लागतं. धक्क्याजवळच्या टपरीवाल्याने स्टीलच्या मगात पाणी दिलं. घाईत चहाच्या पातेल्यातलंच दिलं असावं, कारण संध्याकाळपर्यंत मामांच्या अंगठ्याला वेलचीचा वास येत होता.

काकांनी तोवर पक्कड काढून शिंगाळ्याचे तिन्ही काटे एकेका पिळात मोडून टाकले. लेकीने पट्टी लावली. एकदा पुरली नाही, दुसऱ्यांदा लावावी लागली, अठ्ठावीस सेंटिमीटर. आईने याच वेळात, कुणाचं लक्ष नसताना, दोन ढोम्या काढून बादलीत टाकल्या होत्या. विचारल्यावर म्हणाली, “त्यात काय, ओढलं की खेचायचं.”

मी ॲप बघत होतो. नऊ वाजून सदतीस मिनिटांनी काकांनी तंगूस गुंडाळायला घेतलं. घड्याळ त्यांच्याकडे नव्हतं. पाण्यावर एक सुरूची काडी तरंगत होती. इतका वेळ ती आत आत चालली होती, आता जागच्या जागी फिरत होती. “पाणी उभं राहिलं,” काका म्हणाले. मग आईकडे वळून, “आज बारस ना?”

“बारस. नऊ म्हणजे साडेनऊ धरायचे,” आई म्हणाली. माझा शोध तिने माझ्याच समोर वापरला, तोही नाव न घेता.

वाढणी. सहा माणसांना एक शिंगाळा आणि दोन ढोम्या. काकूंनी कैरी घालून कालवण केलं. मामांना डावखुरं जेवावं लागलं, पण शिंगाळ्याचं डोकं त्यांनी मागून घेतलं आणि शेवटच्या हाडापर्यंत फोडून खाल्लं. त्यात चवीपेक्षा सूड जास्त होता. आईने दोन्ही ढोम्या आपल्या ताटात वाढून घेतल्या, एकादशीचा उपास सोडायचा म्हणून.

निघताना मी काकूंचा हिशेब केला, फ्रिजबद्दल काही बोललो नाही. त्या फाटकापर्यंत सोडायला आल्या आणि टमटम सुरू होताना म्हणाल्या, “पुढच्या वेळी येताना करंदी जरा जास्त आणा हं. पाव किलो सहा माणसांना पुरत नाही.”